हलका आठवडा

"लिवा, हवालदार. तुमी लिवाल तसं पळतो," असं म्हणत बाळगोंडानं कोरी वही पुढं केली आणि औंधच्या यमाईच्या डोंगराखाली, पायरीवर बसल्या बसल्या नाथाजीनं हंगाम आखायला घेतला. जून लागला होता. राज्य स्पर्धा जानेवारीत.

लोक म्हातारपणाला भितात. वयस्कांच्या शर्यतीतले हे गडी मात्र पाच-पाच वर्षांच्या वयोगटांतला पुढचा गट कधी लागतोय याची वाट बघत बसतात. नव्या गटात पाऊल टाकलं की सगळ्यांत तरुण आपणच! दोघांनाही यंदाच पासष्ट पुरी झाली होती. नाथाजीनं फौजेत वीस वर्षं शंभर मीटर पळून दुसऱ्या-तिसऱ्या नंबरांनीच ट्रंक भरली होती. पहिला आलो तर यंदाच, नाहीतर मसणात गेल्यावर, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि आडवा आला होता हा सांगलीकडचा ऊसवाला बाळगोंडा. तीन वर्षांमागं गंमत म्हणून पळायला लागला, आणि गेल्या वर्षी नाथाजीला दोन हात मागं टाकून गेला. वर हात जोडून म्हणाला होता, "तुमीच शिकवलं." त्या हात जोडण्याचाच नाथाजीला जास्त राग होता.

त्यानं लिहिलं. पावसाळ्यात डोंगराच्या पायऱ्या, दिवाळीपर्यंत तीनशे मीटरचे फेरे, मग शर्यतीच्या सुरुवातीला पाय रोवायच्या ठोकळ्यावरून सुटण्याचा सराव. सगळं बरोबर. फक्त त्याच्या स्वतःच्या वहीत दर चौथा आठवडा हलका होता आणि रविवार मोकळा. या वयात शीर दमते आणि विश्रांतीतच भरून येते, एवढं त्याला कळत होतं. बाळगोंडाच्या वहीत त्यानं ते लिहिलं नाही. विसरला नाही, लिहिलं नाही.

"सुट्टी न्हाई व्हय एकबी?"

"शेतकरी गडी तू. तुला कशाला रं सुट्टी?"

"ते बी खरंच की," म्हणून बाळगोंडा हसला.

चातुर्मासाचा नेम पाळावा तशी त्यानं ती वही पाळली. ऑक्टोबरात त्याचा फोन आला. "टाच लय ठणकतीया, हवालदार. दोन दिस थांबू का?"

नाथाजी अंगणात पाय पसरून बसला होता. त्याचा हलका आठवडा चालू होता. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. "अंगातला आळस निघतोय त्यो. पळत ऱ्हा," तो म्हणाला.

स्पर्धेच्या दहा दिवस आधी ठोकळ्यावरून सुटताना बाळगोंडाच्या टाचेवरची शीर तुटली.

नाथाजी पहिला आला. चौघेच पळाले, आणि त्याची वेळ गेल्या वर्षीपेक्षाही वाईट होती. पदक गळ्यात पडलं तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. सगळ्या आयुष्याची हाव ती, आणि वाटायला काही उरलंच नव्हतं.

परतीच्या वाटेवर तो सांगलीकडं वळला. बाळगोंडा प्लास्टरमधला पाय खाटेवर टाकून बसला होता. पदक हातात घेताना त्याचे डोळे भरून आले.

"झ्याक झालं बगा! आमचंच कुठं चुकलं, कळंना. एक दिस सोडला न्हाई."

नाथाजीला वर बघवेना. बाळगोंडाच्या बायकोनं, पद्मावतीनं, चहा आणून ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली.

"भावजी, एक इचारू? आमी सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाई. तुमी ह्यास्नी सुट्टीचा एक वारबी कसा दिला न्हाई?"

"गप गं!" बाळगोंडा खेकसला. "लय इचार करून लिवल्यालं असतंय ते. तुला काय कळतंय त्यातलं?" मग नाथाजीकडं वळून म्हणाला, "डॉक्टर म्हंतोय, आता पळणं इसरा. त्याचं काय ऐकायचं? आवं, पुढल्या हंगामाचंबी तुमीच लिवून द्या."

पद्मावती नाथाजीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग वाकून तिनं त्याच्या पुढ्यातला भरलेला कप उचलला आणि आत घेऊन गेली.