सायमन पिक्स मी अप

भिंगारला दयाबाईंच्या इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात फळ्यावरचं पहिलं वाक्य कधी बदलत नसे. ‘सायमन पिक्स मी अप ॲट सेव्हन.’ सायमन म्हणजे दयाबाईंचा नवरा. रोज संध्याकाळी सातला स्कूटरवरून त्यांना न्यायला यायचा आणि दारात दोनदा हॉर्न वाजवायचा. गेल्या वर्षी तो हार्ट अटॅकने गेला. वाक्य मात्र फळ्यावर राहिलं. रोजची सवय सांगायला साधा वर्तमानकाळ वापरतात, असं मुलांना सांगून दयाबाई वेळ मारून नेत.

क्लास सुटताना मुलं ते वाक्य एका सुरात म्हणत. पावसाळा संपल्यापासून, त्यांनी म्हटलं की बाहेर दोनदा हॉर्न वाजे. दयाबाई दार उघडत, तर रस्ता रिकामा. त्या घाबरत, आणि खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशी सात वाजायची वाटही बघत.

परवा त्यांनी क्लासात नव्याने आलेल्या अलफियाला त्या वाक्याचा अर्थ विचारला. ‘पिक’ म्हणजे उचलणं, ‘अप’ म्हणजे वर. पोरीने शब्दाला शब्द लावला.

“सायमन मला सात वाजता वर उचलतो.”

मुलं फिदीफिदी हसली. दयाबाईंना मात्र त्यात वेगळंच ऐकू आलं. देव माणसाला उचलतो म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मग आपण रोज अख्ख्या वर्गाकडून काय म्हणवून घेत होतो? घरी बारावीतली एंजल होती आणि तिला आता आईशिवाय कोणी नव्हतं. जीव कितीही ओढला तरी दयाबाईंना सायमनबरोबर जाता येणार नव्हतं.

सात वाजत आले होते. त्यांनी घाईघाईने वाक्य पुसलं आणि दुसरं लिहिलं. ‘सायमन ड्रॉप्ड मी ऑफ ॲट होम.’

“ड्रॉप ऑफ म्हणजे सोडणं,” त्या म्हणाल्या. “हा भूतकाळ. झालं, संपलं. म्हणा आता.”

मुलांनी म्हटलं. हॉर्न वाजला नाही. मुलं गेली, दयाबाईंनी दिवे घालवले, दाराला कुलूप लावलं.

पुढचं त्यांना काही आठवत नाही. भानावर आल्या तेव्हा त्या आपल्या घराच्या दारात उभ्या होत्या. हेल्मेट घातल्यासारखे केस चपटे झाले होते, पदर वाऱ्याने विस्कटला होता आणि उजव्या तळव्याला कुणाच्यातरी खांद्याची ऊब होती. कोपऱ्यावरून वळलेल्या स्कूटरचा आवाज लांब लांब जात होता.

एंजलने दार उघडलं. “मम्मी, आज चालत नाही आलीस? स्कूटरचा आवाज आला. कोणी सोडलं?”

“पप्पांनी सोडलं गं मला,” दयाबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं की उद्या हॉर्न वाजणार नाही. त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि रडल्या. तो गेला त्या दिवशीसुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या.