डाव्या हातातली लेक

मापसाहेबांनी आयुष्यभर एकच काम केलं. लोकांवर संशय घेतला, आणि त्याचा त्यांना दर महिन्याला पगार मिळाला. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की तराजू आपणहून सरळ होतो, दुकानदार मात्र वाकडा होतो, असं त्यांच्याबद्दल बोललं जाई. निवृत्तीनंतर तराजू गेले, हुद्दा गेला, नाव तेवढं राहिलं. बायको होती तोवर ताट वाढताना म्हणायची, "मीठ बरोबर पडलंय, तोलून बघू नका." ती गेल्यावर मीठ कधी बरोबर पडायचं, कधी नाही, आणि दोन्ही बातम्या सांगायला घरात कोणी नव्हतं.

मग एके दिवशी खुद्द त्यांच्या हृदयाने काटा मारला.

डॉक्टरीणबाईंनी ते उघडून, दुरुस्त करून परत बसवलं. परगावी, म्हणजे विमानाने जवळजवळ अर्धा दिवस लागावा इतक्या परगावी राहणाऱ्या लेकीने लगोलग दोन वस्तू पाठवल्या: एक ट्रेडमिल आणि एक मनगटी घड्याळ. ट्रेडमिल चार माणसांनी वर चढवली. घड्याळ एकाच माणसाने आणलं, पण सही घेतल्याशिवाय दिलं नाही.

"बाबा, जरा बरे झालात की इकडेच या. दोन महिने राहा," लेक म्हणाली.

मापसाहेब लगेच बॅग काढायला उठले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवलं. "काका, विमानात बसायला हरकत नाही अशी चिठ्ठी मी देईन, पण लगेच नाही. रोज अर्धा तास चालायचं, चांगलं भरभर. दिवसातून एकदाच, हौस म्हणून दोनदा नाही. एक हात कायम दांडीवर. तीन आठवड्यांचं अंतर, वेग आणि नाडी मला घड्याळातून दिसली पाहिजे."

"मी सांगेन की रोज."

"मला तुमचा शब्द नको, मापाचा हवाय."

हेच वाक्य मापसाहेबांनी हजारो दुकानदारांना ऐकवलं होतं. समोरून ऐकायला ते इतकं वाईट लागतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

चालणं सुरू झालं. इकडे संध्याकाळ व्हायची तेव्हा लेकीकडे जेवणाची सुट्टी असायची. ती ऑफिसच्या मागच्या जिन्यावर डबा घेऊन बसायची आणि व्हिडिओ कॉल लावायची. मापसाहेब उजव्या हाताने दांडी धरत, डाव्या हातात फोन घेत आणि पट्टा सुरू करत. फोन ट्रेडमिलच्या खोबणीत ठेवून बघितला होता. पण तिथून लेकीला छत आणि त्यांच्या नाकपुड्या एवढंच दिसायचं. "बाबा, मी जेवतेय," ती म्हणाली होती. तेव्हापासून फोन हातात.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. या बापलेकीला एकमेकांशी बोलता येत नसे. भांडण नव्हतं, प्रेम भरपूर होतं, फक्त बोलणं निघायचं नाही. मधे आई होती तोवर ती निरोप्याचं काम करायची. बाबा विचारतायत कशी आहेस, ती म्हणतेय बरी आहे. ती गेल्यावर दोघं समोरासमोर आले आणि खुर्चीत बसून केलेला त्यांचा फोन असा व्हायचा:

"जेवलात?"

"हो. तू?"

"हो. गोळ्या?"

"घेतल्या."

"बरं मग."

"बरं."

पण पट्ट्यावर चालताना गंमत झाली. बाप धापा टाकतोय म्हणून गप्प, लेक घास चावतेय म्हणून गप्प. गप्प बसायला दोघांकडे सज्जड कारण. आणि कारण मिळाल्यावर मधूनच एखादं वाक्य आपोआप पडायचं. "बाबा, आमचा साहेब आज खुर्चीवरून पडला." मग पुष्कळ वेळ नुसती पट्ट्याची घरघर. मग, "लागलं का?" "नाही, गालिच्यावर पडला." एकदा ती काही न सांगता डब्याकडे बघत रडली. मापसाहेबांनी विचारलं काही नाही. फक्त पट्ट्याचा वेग एका आकड्याने कमी केला. तिने नाक पुसलं, म्हणाली, "थांबलात का?" ते म्हणाले, "छे, हळू झालो." त्यांच्या मते ते दोघांचं आजवरचं सगळ्यात मोठं संभाषण होतं.

पहिल्या आठवड्याचा हिशेब आला आणि घात झाला. ट्रेडमिल म्हणत होती, रोज दोन किलोमीटर. घड्याळ म्हणत होतं, जेमतेम अर्धा.

डॉक्टरीणबाईंनी फोन केला. "काका, हा वेग चालण्याचा नाही. रांगेत उभं राहण्याचा आहे."

"अहो, यंत्रावर दोन दिसतात!"

"यंत्राला नाडी नसते, ते रिकामंही फिरतं. आणि तुमची नाडी रागानेही चढते. असंच राहिलं तर चिठ्ठी विसरा."

लेकीने तर सरळ विचारलं, "बाबा, खरं सांगा, पट्ट्यावर खुर्ची टाकून बसता का?"

मापसाहेबांच्या अंगात जुना निरीक्षक शिरला. मापात पाप होतं आणि पापी घरातच होता. पहिला संशय ट्रेडमिलवर. त्यांनी शिंप्याकडून टेप आणली, पट्ट्याची लांबी मोजली, पट्ट्यावर खडूची रेघ मारली आणि गुडघे टेकून रेघेचे फेरे मोजले. खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. सरकणाऱ्या पट्ट्यासमोर हात जोडल्यासारखे बसलेले मापसाहेब बघून त्या दारातच थबकल्या.

"भाऊजी, चालायचं सोडून आता पूजा करता की काय?"

"तपासणी चाललीय, वहिनी."

"करा बाई. रोज इतकं चालता, तरी अजून वरच्याच मजल्यावर आहात. मला वाटलं कुठेतरी पोचला असाल एव्हाना."

ट्रेडमिल निर्दोष निघाली. मीटरला मीटर, सेंटीमीटरचाही घोळ नाही. मग घड्याळाला ताब्यात घेण्यात आलं. शाळेच्या मैदानावर धावपट्टीची पांढरी रेघ होती, मोजून मारलेली. मापसाहेब तिथे एकटेच फेऱ्या घालून आले. घड्याळाने आकाशातल्या उपग्रहांना विचारून अंतर सांगितलं. ते बिनचूक होतं. वर घड्याळ म्हणालं, "आपली पावलं आता माझ्या लक्षात आली." मापसाहेबांना बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत त्यांचं काही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

संध्याकाळी पट्ट्यावर, लेकीसमवेत, पुन्हा अर्धा किलोमीटर.

दोन साक्षीदार, दोन्ही सज्जन, आणि साक्ष मात्र वेगळी. नोकरीत असं कधी झालं नव्हतं. नोकरीत सगळे चोर असायचे, सोपं होतं.

उलगडा दोन दिवसांनी झाला. लेकीला अचानक कामाला बसवलं, तिचा कॉल आला नाही. मापसाहेबांनी वाट पाहिली, मग नाइलाजाने एकटेच चालले. समोर भिंत. भिंतीवर ओल आली होती, ती आज पहिल्यांदा नीट दिसली. चालणं संपवून त्यांनी घड्याळ बघितलं, ट्रेडमिल बघितली. दोन्हीकडे तोच आकडा. तोच वेग.

ते पट्ट्याच्या कडेला बसले आणि डाव्या हाताकडे बघत राहिले. रिकामा होता. हलवून बघितला. घड्याळ खूश झालं. खुर्चीत बसून त्यांनी हात जोरजोरात मागेपुढे केला, तर घड्याळाने बसल्या जागी त्यांना शंभर मीटर चालवलं. बंद खोलीत त्याला ना आकाश दिसत होतं ना पाय. ते हाताच्या झोक्यावरून पाय ओळखत होतं. आणि ज्या हाताला ते बांधलं होतं तो हात रोज अर्धा तास लेकीला हलू न देता, नीट, चेहऱ्यासमोर धरून उभा होता.

तीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासलेल्या माणसाने तपासणीत स्वतःला धरलंच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना नुसता शब्द चालणार नव्हता, म्हणून पळवाटा शोधणं आलं. घड्याळ उजव्या हातात घातलं, पण तो दांडीवर, तोही स्तब्ध. घड्याळ घोट्याला बांधलं. अंतर झकास आलं, पण घोट्याला नाडी सापडेना, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून एका मुलीचा घाबरा फोन. "काका, तुम्ही आहात ना?" "आहे की." "नाही, इथे तुमची नाडी शून्य दिसतेय, म्हणून विचारलं." फोन वरच्या फळीला दोरीने टांगून बघितला. तो सावकाश गोल फिरू लागला. लेकीला भिंत, खिडकी, कपाट, बाप, भिंत, खिडकी, कपाट, बाप असं दिसायला लागलं. "बाबा, मला गरगरतंय. आणि तुम्ही फार थोडा वेळ येताय."

एक पळवाट तर फारच सोपी होती. खुर्चीत बसावं, उजव्या हातात फोन घ्यावा, डावा हात झोकत राहावा. बसल्या बसल्या किलोमीटर. नाडीचंही जमलं असतं, रागावलं की ती चढतेच. एका दुपारी त्यांनी अर्ध्या किलोमीटरपर्यंत मजल मारलीदेखील. मग एकदम त्यांना स्वतःचा चेहरा आठवला, दुकानाच्या दारात उभा असलेला, आणि त्यांनी तो अर्धा किलोमीटर पुसून टाकला.

"चालून झाल्यावर कॉल करू," असंही ठरवून बघितलं. लेक जिन्यावर, मापसाहेब खुर्चीत.

"जेवलात?"

"हो. तू?"

"जेवतेय."

"बरं."

तिने घास चावला. इकडे धाप नव्हती. खुर्ची घरघरत नव्हती. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, पासपोर्टच्या फोटोसारखे. "नेटवर्क जरा—" लेक म्हणाली. "हो, इकडेही," मापसाहेब म्हणाले. नेटवर्क उत्तम होतं.

शेवटी त्यांनी तिला सगळं सांगितलं. म्हणजे हाताचं सांगितलं. खुर्चीत बसून बोलणं निघत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

"म्हणजे मी फोन केला की तुम्ही चालत नाही," लेक म्हणाली.

"चालतो. मोजलं जात नाही."

ती जरा वेळ डब्यात चमचा फिरवत राहिली. "आता नव्याने तीन आठवडेच ना? करा मग एकटे. मलाही हल्ली सुट्टीत मीटिंगा लावतात."

"बरं झालं. मलाही बोलताना दम लागतो."

दोघंही खोटं बोलले आणि दोघांच्याही मापात कुठे फरक पडला नाही.

मापसाहेब एकटे चालू लागले. उजवा हात दांडीवर, डावा हात मोकळा, नियमाप्रमाणे मागेपुढे. पहिले काही दिवस तो मधेच वर यायचा, चेहऱ्यासमोर थांबायचा, तिथे काही नाही हे बघून खाली जायचा. घड्याळ रोज म्हणायचं, "शाब्बास! आज आपण उत्तम कामगिरी केली." त्या खोलीत दिवसभरात बोलली जाणारी ती एकमेव गोष्ट होती, आणि तीसुद्धा लिहून यायची. भिंतीवरची ओल पसरून तिला आता एक पाय फुटला होता. तो फुटला हे सांगण्यासारखं वाक्य होतं, धाप लागलेली असताना मधेच पडण्यासारखं. ते त्यांनी तीन आठवडे जपून ठेवलं, तोवर ओलीला दुसराही पाय फुटला आणि पहिलं वाक्य शिळं झालं.

खालच्या वहिनी एकदा वर येऊन गेल्या. "भाऊजी, बरे आहात ना? पाय ऐकू येतात, बोलणं येत नाही."

"पायच हवेत, वहिनी. डॉक्टरांचा हुकूम आहे."

"पोरगी रुसली की काय?"

"नाही हो. तिच्याकडेच निघालोय."

वहिनींनी ट्रेडमिलकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "या रस्त्याने लांब पडेल," म्हणाल्या, आणि जिना उतरल्या.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी आलेख बघितला. अंतर पुरेपूर, वेग एकसारखा, नाडी शिस्तीत. "काका, हे तर एखाद्या पुस्तकातल्यासारखं आहे. तक्रारीला जागाच नाही." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. मापसाहेबांनी ती घडी करून खिशात ठेवली, आणि रस्त्याने येताना त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. दोन महिने. एका घरात, समोरासमोर, खुर्च्यांवर.

संध्याकाळी त्यांनी बसून कॉल लावला.

"मिळाली चिठ्ठी."

"अरे वा! बाबा, खरंच?" तिचा चेहरा एकदम फुलला, आणि मग तो फुललेला चेहरा कुठे ठेवावा हे तिला कळेना. "तिकीट काढते मग."

"काढ."

"जेवलात?"

"अजून नाही."

"बरं." ती जिन्याच्या कठड्याकडे बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही इथे आल्यावर आपण..." आणि पुढचं वाक्य तिला सापडलं नाही.

मापसाहेबांनाही नाही सापडलं. ते उठले, फोन डाव्या हातात तसाच धरून पट्ट्यावर चढले, उजव्या हाताने दांडी पकडली आणि सगळ्यात कमी वेग लावला. घरघर सुरू झाली.

"अहो बाबा, आजचं चालणं झालं ना? एकदाच सांगितलंय बाईंनी."

"हे मोजलं जात नाही," मापसाहेब म्हणाले.

लेकीने डबा उघडला. घास घेतला. पुष्कळ वेळ नुसती घरघर. मग ती म्हणाली, "त्या साहेबाची नवी खुर्ची आली." ते म्हणाले, "हं." मग पुन्हा नुसती घरघर. तेवढ्यात डाव्या मनगटावर घड्याळ थरथरलं, फोनही हलला, आणि तिकडे लेकीला सगळी खोली हलल्यासारखी दिसली.

"काय झालं?"

मापसाहेबांनी मनगट जरा वळवून वाचलं. "घड्याळ म्हणतंय, फार वेळ बसून आहात. उठा, जरा चाला."

"मग उठा की," लेक तोंडातला घास सांभाळत म्हणाली.

"उठतो," ते म्हणाले, आणि चालत राहिले.