सुरात आलेली शिंक

"गप्प बसा, गप्प बसा! कंडक्टर गातोय!"

बंद पडलेल्या सिनेमागृहात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्यांच्या फाटक्या गाद्यांवर माणसं, मधल्या वाटेत माणसं, दाराच्या कडीला लोंबकळणारी माणसं. आणि रंगमंचावर आमच्या सात नंबर बसचा कंडक्टर, डोळे मिटून, माइकसमोर गात होता. ह्या गृहस्थाचा आवाज आम्ही वीस वर्षं ऐकतोय. "पुढे सरका" म्हणाला तर झोपलेलं पोर दचकून उठतं. त्याला सूर शिवला तरी सूर आंघोळ करून येईल, असं आमच्या दुकानाच्या कट्ट्यावर ठरलेलं. तो माणूस गात होता आणि सूर असा नेटका लागत होता की माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना.

"अहो, पाहिलंत?" बायकोने मला कोपर मारलं. "म्हणे चमत्कार होत नाहीत!"

कंडक्टरच्या मागे पांढऱ्या आसनावर नादमहाराज बसले होते. चेहऱ्यावर, दुसऱ्याच्या घरचं लग्न आपणच जमवल्याचं समाधान. "भक्तांनो," ते म्हणाले, "तुमच्या कंठात जन्मोजन्मीचा कचरा साचलाय. सात सुरांना सात कुलुपं लागली आहेत. मी काय करतो? काही नाही. मी फक्त किल्ली!"

किल्लीने कंडक्टरच्या गळ्याला बोट लावलं होतं, म्हणून कुलूप उघडलं. मात्र दोन पथ्यं होती. एक, दीक्षेनंतर एकवीस दिवस घरी गायचं नाही, गुणगुणायचंही नाही. गायचं ते फक्त नादपीठासमोर, म्हणजे त्या माइकपुढे. दुसरं, गळ्याला औषधपाणी, व्यायाम काही करायचा नाही. त्याने किल्ली गंजते. बोलायचं तेही हळू, जमल्यास मौनच. आमच्या गल्लीत तेव्हा अकरा जणांनी दीक्षा घेतलेली, त्यामुळे आठवडाभर इतकी शांतता होती की शेजारचा शिंपी म्हणाला, "महाराज आणखी सहा महिने राहोत."

मी हसलो असतो. पण माझ्या डाव्या बाजूला माझी ताई बसली होती आणि ती हसत नव्हती.

ताई एकतीस वर्षं शाळेत पोरांना गाणं शिकवत होती. चाळीस पोरांच्या समूहगानात मागच्या रांगेतलं कोण नुसतंच तोंड हलवतंय, ते तिला पाठ फिरवूनही कळायचं. त्या रविवारच्या चार महिने आधी तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, जीव वाचला, पण एका स्वरतंतूची नस दुखावली आणि आवाज गेला. गेला म्हणजे अगदी गेला नाही. घोगरा, फुटका, मध्येच हवेत विरणारा असा उरला. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिला होता: ग्लासभर पाण्यात नळी बुडवायची आणि 'ऊऽऽ' करत बुडबुडे काढायचे. दिवसातून पाच वेळा. "पहिले काही महिने फार मोलाचे आहेत," त्या म्हणाल्या होत्या. "आत्ता केलं तर बरंच परत मिळेल. आत्ता सोडलं तर नंतर मला दोष देऊ नका."

ताई करत होती, पण मनातून शरमत होती. "साठी उलटली आणि मी बुडबुडे काढत बसलेय," ती एकदा मला म्हणाली. "लहान पोर बघून हसेल रे." त्या बाईचं सगळं आयुष्य गळ्यात होतं. मी तिचा धाकटा भाऊ. मला तिच्याकडे बघवत नसे.

म्हणून त्या रविवारी ती रंगमंचाकडे टक लावून बघत होती तेव्हा मला राहवेना. मी उठलो.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे मी कशाच्या जोरावर उठलो ते कळेल. मी रेडिओ, टेपरेकॉर्डर दुरुस्त करतो. आता ते कुणी आणत नाही, म्हणून मिक्सर आणि पंखेही. आवाजाच्या बाबतीत मला कोण फसवणार, अशी माझी घमेंड. मी ओरडलो, "महाराज, हे टेप आहे! मागे आधी भरलेलं गाणं वाजतंय, हा नुसता तोंड हलवतोय!"

महाराज गोड हसले. "शंकासुर आले वाटतं. बोला, ह्याने काय गाऊन दाखवावं?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं. मी म्हणालो, "माझ्या दुकानाची पाटी गाऊन दाखव. ती तर कुणी आधी भरून ठेवली नसेल!"

कंडक्टरने क्षणभर विचार केला आणि डोळे मिटून आळवायला लागला, "येथेऽऽ मिक्सर, पंखे, रेडिओऽऽ खात्रीने दुरुस्त करून मिळतीऽऽल..."

सुरात. अगदी सुरात. 'खात्रीने'वर तर त्याने हरकत घेतली. लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं, बायकोने पदराआड तोंड लपवलं, आणि मी चारशे माणसांसमोर खाली बसलो. नंतर आठवडाभर माझ्या दुकानासमोरून जाणारं प्रत्येक कार्टं ती पाटी गात जात होतं.

ह्या सगळ्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. त्याच सकाळी ताई उठली, रंगमंचावर गेली, तिने मान वर केली. महाराजांनी बोट लावलं. तिने भीतभीत 'सा' लावला आणि दोन्ही बाजूंच्या मोठ्या स्पीकरांमधून तो सरळ, घुमत बाहेर आला. घोगरेपणा होता, पण त्या घुमण्यात तोही मुरून गेला. ताई तिथेच रडली. खरं सांगू? मीही रडलो. चार महिन्यांनी मी तिचा सूर ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने नळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं.

मी डॉक्टरीणबाईंकडे धावलो. त्या घरी आल्या. ताईने त्यांना पाणी दिलं आणि पाटीवर लिहून दाखवलं, 'माझं मौन आहे.' डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमचा स्वरतंतू मी काल दुर्बिणीने पाहिलेला नाही, महाराजांनीही नाही. तो वापरला नाही तर तो आळशी होईल. देव भलं करो, पण व्यायाम तेवढा करा." ताईने 'मौन' ह्या शब्दावर बोट ठेवलं. मी आरडाओरडा केला, तर तिने पाटी पुसून लिहिलं, 'तू टेप म्हणाला होतास.' दात पाडून हातात दिले माझ्या.

पुढच्या रविवारी महाराजांनी ताईलाच पुढे केलं. गाणारी बाई, गेलेला आवाज, परत आलेला सूर: ह्याहून चांगली जाहिरात कुठली? "माते, तुमच्या हृदयातलं गा," ते म्हणाले.

ताईने अंगाई निवडली. आमच्या आईची. ती कुठल्या पुस्तकात नाही. आईने ती तिच्या आईकडून उचलली असेल किंवा स्वतःच रचली असेल, देव जाणे. तिच्यात 'नीज' ह्या शब्दावर एक सूर आहे, तो धड इकडे नाही आणि धड तिकडे नाही. दोन सुरांच्या मध्ये थोडा रेंगाळतो. झोप आलेल्या आईचा सूर तो. आम्हा दोघांनाही तो त्या जागीच हवा असतो.

ताईने पहिली ओळ म्हटली. 'नीज' आलं. आणि स्पीकरमधून कडक इस्त्री केलेला, सरळसोट सूर बाहेर पडला.

ताई थांबली. कपाळाला आठी. चाळीस पोरांत एक बेसूर सापडला की पडायची तीच आठी. तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा इस्त्री. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम सूर आणखी खाली रेंगाळवला, आणि बाहेर मात्र तो टुणकन उडी मारून खालच्या पायरीवर जाऊन बसला.

"हा सूर मी लावलेला नाही, माझ्या आईचा सूर असा नव्हता," ताई माइकमध्येच म्हणाली.

महाराज हसले. "माते, शुद्ध कंठ अशुद्ध सूर सुधारून घेतो. तुमची आई तिथे चुकत होती."

इथे महाराज चुकले. पोरांना शिकवणाऱ्या बाईला तुम्ही म्हातारी म्हणा, आवाज गेलेली म्हणा, चालेल. पण तिच्या आईचा सूर चुकला म्हणायचं?

"माझी आई चुकली?" ताई कंबरेवर हात ठेवून वळली. "अहो, तुम्ही जन्मला नव्हता तेव्हा ती हे म्हणत होती! मी एक सूर लावते आणि तिकडून दुसराच निघतो. माझ्या गळ्याच्या आणि त्या खोक्याच्या मध्ये कोण बसलंय, ते आधी सांगा!"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी गाढव, टेप शोधत होतो! जुन्या चोरीच्या वहिवाटेने नवा चोर धरायला निघालो होतो. सूर आधी भरलेला नव्हताच. तो जागच्या जागी दुरुस्त होत होता. असं यंत्र असतं हे मी ऐकून होतो, फक्त माझ्या दुकानात अजून कुणी ते दुरुस्तीला आणलं नव्हतं.

मी धावत वर चढलो आणि माइक घेतला. "लोकहो, माझ्या गळ्याला महाराजांनी बोट लावलेलं नाही. मी दीक्षा घेतलेली नाही. आता मी गाऊन..."

गाणार कसला? आसनाभोवती उदबत्त्यांचा सुगंधी धूर इतका कोंडला होता की माझ्या नाकात शिरला. माझी शिंक आमच्या घरात प्रसिद्ध आहे. आधी लांबलचक हेल, मग स्फोट. "आऽऽऽ... आऽऽऽऽ... आऽऽक्छी!"

शिंक सुरात आली. एकेक 'आ' पायरीपायरीने चढत, घुमत, मंगल होत गेला.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग कंडक्टर खो खो हसायला लागला आणि अख्खं सिनेमागृह हसलं. हसणाऱ्या माणसाला फसवणं फार अवघड असतं, महाराज उठून उभेच राहिले. मी माइकची वायर धरून चालत गेलो. ती आसनाखाली, मखमली कापडाआड गेली होती. कापड उचललं. तिथे वीटभर आकाराचा एक डबा, त्याला चार बटणं, हिरवे दिवे, आणि शेजारी एक शिष्य मांडी घालून बसलेला. मी त्याला म्हटलं, "दादा, डब्यातून वायर काढा आणि माइक सरळ स्पीकरला लावा." त्याने महाराजांकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, आणि लोक जास्त असल्यामुळे वायर काढली.

कंडक्टर पुन्हा गायला. तोच तो आमचा जुना, दचकवणारा कंडक्टर! मागच्या रांगेत एक पोर रडायला लागलं.

मग मी सांगितलं ते असं. हा डबा येणारा प्रत्येक सूर मोजतो आणि जवळच्या 'बरोबर' सुरावर ओढून बसवतो. वर थोडा घुमारा घालतो. तुम्ही मोबाईलवर ऐकता त्यातली कितीतरी गाणी ह्याच्याच पोटातून येतात. त्यात पाप नाही. शिंप्याने उसवलेलं शिवावं तसं ते काम आहे. पण डब्याला कळत नाही की सूर चुकून हलला की मायेने. तो दोन्हीला एकच इस्त्री फिरवतो, आणि आपण इतकी वर्षं इस्त्रीचंच ऐकतोय की साधा गळा आपल्याला बेसूर वाटायला लागलाय. म्हणून तर महाराजांचं फावलं. आणि घरी गायचं नाही हे पथ्य कशासाठी? घरी डबा नाही म्हणून!

महाराज मागच्या दाराने गेले. ते जाताना "कलियुग" असं काहीसं म्हणाले, पण माइक बंद असल्यामुळे नीट ऐकू आलं नाही. कंडक्टरला मात्र त्या डब्याची चटक लागली. त्याने मोबाईलवर तसलाच प्रोग्राम घेतला आहे आणि रोज सकाळी तो आम्हा सगळ्यांना गाणं पाठवतो. यंत्र मोकळेपणाने यंत्र म्हणून वापरलं की किती निरुपद्रवी असतं पाहा. जरा त्रास होतो, इतकंच.

त्या दिवशी घरी आल्यावर ताई दारात चप्पल काढताना म्हणाली, "आठ दिवस फुकट गेले रे." मग तिचा चेहरा पडला. "तो सूर माझा नव्हता, पण ऐकताना किती बरं वाटलं होतं." मी तिला शहाणपण शिकवलं नाही. मलाही बरं वाटलंच होतं की.

दुसऱ्या दिवशी मी तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी दुर्बीण घालून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. ताई खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. "तंतू हलतोय," बाई म्हणाल्या. "आठ दिवसांनी फार बिघडलं नाही. मेहनत केलीत तर बोलणं स्वच्छ होईल, खालचे-मधले सूर येतील. पण वरचे दोन-तीन सूर बहुधा येणार नाहीत. ते मी तुम्हाला आजच सांगते."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं आणि विचारलं, "दिवसातून पाच वेळा की सहा?"

ह्या गोष्टीला आता वर्ष होईल. वरचे सूर आले नाहीत. बाकीचे आले. शेजारच्या पोरी संध्याकाळी तिच्याकडे गाणं शिकायला येतात आणि वरची जागा आली की ती हाताने दाखवते, पोरी गातात.

वाचकहो, तुमच्या गावातही कुणी ना कुणी बोट लावायला येईलच. सुरासाठी, मुलासाठी, दुखण्यासाठी. मी डबे उघडायला सगळीकडे पोचणार नाही, आणि पोचलो तरी पहिल्यांदा चुकीचाच डबा शोधेन. तेव्हा स्वतःच एक करा. समोरच्याला विचारा, "तुमच्याने काय होणार नाही?" जो म्हणेल, "माझ्याने सगळं होतं," त्याला दारातूनच नमस्कार करा. आणि जो खाली मान घालून सांगेल की एवढं होईल, एवढं होणार नाही, त्याच्यापुढे खुशाल गळा उघडून बसा.