डब्याला ओटा

“घर म्हंजे कसं पाहिजे?” झुलालआबा दगडावर उभे राहिले आणि समोरच्या सोनगीरच्या किल्ल्याकडे बोट करून म्हणाले, “त्या किल्लासारखं. येकदाव बठनं ते बठनं. वारा येवो, वादळ येवो, घर हालनं नही पाहिजे.”

ऐकायला मगन वेल्डर आणि शेजारच्या शेतातला पुना एवढे दोघेच होते, पण आबांनी आवाज ग्रामसभेचा लावला होता. वाक्य संपलं आणि त्यांच्या पाठीमागे घर हललं. नुसतं हललं असतं तर वाऱ्यावर ढकलता आलं असतं. ते निघालं.

त्याचं कारण असं की आबा ज्या दगडावर उभे होते, तो सकाळपर्यंत घराच्या चाकाखाली होता. छपराला हात पुरेना म्हणून आबांनीच तो काढून घेतला होता.

दुसऱ्या कुणी बोंब ठोकली असती. आबा दगडावरून उतरले आणि घराच्या बाजूने चालू लागले. तो वेग त्यांच्या ओळखीचा होता. उभ्या नोकरीत त्यांनी याहून जास्त वेगाने प्रवास केला नव्हता. उतारावरून रमतगमत घर कडुलिंबापाशी गेलं, दमल्या म्हशीने अंग घासावं तसं खोडाला टेकलं आणि थांबलं. दाराचं तोंड दक्षिणेला, आणि दारासमोर लिंबाची गडद सावली.

आबांनी चौफेर नजर टाकली. “आठेच ठेवानं व्हतं माले,” ते म्हणाले.

मगनने चाकाखाली दगड लावला. मग आबांकडे पाहून आणखी एक लावला.

आबा रस्त्याच्या खात्यात रोलरवर ड्रायव्हर होते. जुन्या काळी रोलरच्या मागे एक पत्र्याचा डबा जोडलेला असे. रस्ता जिथवर जाई तिथवर रोलर, आणि रोलर जिथे थांबेल तिथे डबा. ड्रायव्हरने त्यातच रांधायचं, त्यातच निजायचं. साक्रीपासून शिरपूरपर्यंतचे रस्ते आबांनी दाबून सपाट केले, आणि त्या रस्त्यांवरून पुढे सगळं जग त्यांना ओलांडून गेलं. एकदा तर मागून येणाऱ्या बैलगाडीवाल्याने “जरा बाजूले व्हा ना भो” असं नम्रपणे सांगितलं होतं.

लग्नानंतर मंजुळाबाई एकदाच त्या डब्यात आल्या होत्या. साक्रीच्या पुढे मुक्काम होता. डोक्यावर भाकरीचं गाठोडं, अंगावर नवं लुगडं, नजर नवऱ्याकडे. आत पाऊल टाकताना कपाळ चौकटीवर असं आदळलं की आत डिझेलचा वास येत होता हेही त्यांच्या उशिरा लक्षात आलं. सकाळी पहिल्या गाडीने त्या परत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “हाऊ डबा शे. घर नही.” मग आबांनी रस्ते केले आणि मंजुळाबाईंनी गावाकडे पोरगा वाढवला. संसार उत्तम झाला, फक्त दोन ठिकाणी झाला.

निवृत्तीनंतर दोघं धुळ्याला स्वप्नीलच्या फ्लॅटात राहायला गेली. पोरगा भला, सून ज्योत्स्ना त्याहून भली, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. त्यात सगळं होतं. ओटा नव्हता. मंजुळाबाईंचा उभा जन्म ओट्यावर गेला होता. धान्य तिथेच निवडायचं, सासूची उणीदुणी तिथेच काढायची, आणि पुढे स्वतः सासू झाल्यावर आपली कोण काढतं यावर लक्षही तिथूनच ठेवायचं. ओट्यावाचून त्यांना दिवस सुरू झाला की नाही तेच कळेना. मग त्या ताटात डाळ घेऊन जिन्याच्या पायरीवर बसू लागल्या. येणारे-जाणारे अंग चोरून जात. एके दिवशी जिन्यात सूचना लागली: पायऱ्यांवर कोणी बसू नये. नाव कुणाचंच नव्हतं. मंजुळाबाईंना वाचता येत नव्हतं, पण सगळे आपल्याकडे पाहून ती वाचतात एवढं दिसत होतं. त्यांनी ताट उचललं आणि त्या आत जाऊन टीव्हीसमोर बसल्या. तो बंद होता हे आबांच्या लक्षात आलं. मंजुळाबाईंच्या आलं नाही.

त्याच आठवड्यात आबांना कळलं की खात्याच्या आवारात पडलेला त्यांचा जुना डबा भंगारात निघतोय. बोली लावणारे ते एकटेच. कोपऱ्यात कोंबड्यांचा संसार होता, तो त्यांनी आदराने खाली उतरवला. निवृत्तीच्या पैशाचं धड फ्लॅटात गेलं होतं, शेपूट उरलं होतं. त्या शेपटावर वडिलांकडून आलेल्या शेताच्या पट्टीत, सोनगीरच्या अलीकडे, घर उभं करायचं ठरलं.

पत्रा इतका गंजला होता की मगनने पहिला ठोका मारला तेव्हा हातोडी आत गेली आणि ती शोधायला दार उघडावं लागलं. मग खालून चाकं बदलली, ती ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीची. खिडक्या मोडीत निघालेल्या एसटीच्या. त्या एसटीत उघडायच्या तशाच उघडत, म्हणजे एका विशिष्ट जागी बुक्की मारल्यावर. स्वयंपाकाचा कडप्पा जळगावहून आला. आबांच्या शालकाने, नवलने, वास्तुदोषापायी आपलं स्वयंपाकघर फोडलं होतं, त्यातला. दगडाला दोष होता, पण लांबी बरोबर होती. छपराखाली कपाशीच्या काड्यांचा थर, त्यावर चुना, आणि आतून छताला वाढदिवसांचे जुने फ्लेक्स. वैशाखात पत्र्याखाली माणूस पापडासारखा भाजतो, पण फ्लेक्सवरचे पुढारी एवढ्या थरात असले की ऊन त्यांच्यातून आरपार जात नाही, असं मगनचं अनुभवाचं मत होतं.

दाराची चौकट आबांनी वीतभर उचलायला लावली. तेवढ्यासाठी छपराला मध्येच एक उंचवटा आला. लांबून बघता घराने टोपी घातल्यासारखं दिसे. मगन म्हणाला, आबा, खर्च वाढतोय, वाकून जा ना. आबा म्हणाले, बाकी कुठेही कमी कर.

आणि मग ओटा. चाकांवरच्या घराला ओटा कसा असणार? मगनने चहाचे बरेच कप यावर विचार केला. शेवटी त्याने भंगारातून ट्रकचा मागचा फाळका आणला, दाराशेजारी बिजागऱ्यांवर बसवला आणि दोन साखळ्या लावल्या. साखळी सोडली की फाळका आडवा होई. त्यावर चार बायका मांडी घालून बसल्या तरी हूं की चूं करणार नाही असा. वर उचलून लावला की घराच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरं दिसत: सुरक्षित अंतर ठेवा. रंग मारायला पैसे उरले नव्हते. ती तशीच राहिली.

मुहूर्त आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा ठरला. माहेरवाशिणी गावात आलेल्या, घरोघर झोके बांधलेले. मंजुळाबाईंनी निरोप पाठवला होता की वास्तुशांतीला येईन, जेवेन आणि सांजच्या गाडीने धुळ्याला परत जाईन. डब्यात राहायचं वय त्यांचं तेव्हाही नव्हतं. आबांनी निरोप ऐकला आणि फाळक्याच्या साखळ्यांना पुन्हा एकदा तेल दिलं.

नवलने बहिणीला आपल्या गाडीतून आणलं. मंजुळाबाई उतरल्या तेव्हा खांद्याला एक पिशवी होती. रिकामी. दुसरं लुगडं आणलंच नव्हतं. आबांनी ते पाहिलं. आत पुनाची आई धुरपदाबाई कडप्प्यावर दुधाचं पातेलं ठेवून उभी होती. नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं, तेवढ्यासाठी ती सकाळपासून नटून आलेली.

मंजुळाबाई दाराकडे निघाल्या, तोच नवल आडवा आला. हातात फोन, फोनमध्ये होकायंत्र.

“दाजी, दार दक्षिणेला आहे.”

“बरं.”

“बरं काय? यमाची दिशा आहे ती. माझी बहीण या दारातून आत जायची नाही.”

नवलला वास्तूचा अधिकार होता. जळगावच्या त्याच्या बंगल्यात देवघर इतक्यांदा फिरलं होतं की देवांनाही पत्ता विचारावा लागत असेल. जिना हलवल्यापासून वरच्या मजल्यावर जायला मोरीतून जावं लागे. त्याने घराला एक चक्कर मारून निकाल दिला. पूर्वेची भिंत फोडायची, तिथे दार काढायचं, मोरी पश्चिमेला न्यायची. महिना-दीड महिना. तोवर ताई धुळ्यालाच बरी.

जमलेल्या गर्दीने मंजुळाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पिशवीचा बंद खांद्यावर नीट ओढून घेतला. परत जायला त्यांना आता स्वतःचं कारण लागणार नव्हतं. भावाने आणून दिलं होतं, तेही शास्त्रातलं.

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

“नवलभाऊ, पूर्व कोनती?”

नवलने हात लांब केला. आबांनी त्या हाताच्या रेषेत नीट पाहिलं आणि मान हलवली.

“पुना, ट्रॅक्टर लाव.”

मगनने दगड काढले. पुनाने साखळदंड अडकवला. घर कुरकुरलं, कडुलिंबापासून सुटलं आणि उन्हात आलं. आबा रोलरच्या दिवसांसारखे पुढे उलटे चालत हातवारे करत होते, आणि त्यांच्या हातवाऱ्यांवर अख्खं घर देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं सावकाश फिरत होतं. बायांनी पदर तोंडाला लावले. एका म्हाताऱ्याने तर हात जोडले. मधेच एसटीच्या खिडकीवर आतून बुक्की बसली, काच सरकली आणि धुरपदाबाईचं डोकं बाहेर आलं. तिला उतरवायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

“धुळं उनं का रे पुना? उतरू का?”

घर थांबलं. दार पूर्वेला. शेवटच्या हिसक्याला पातेलं कलंडलं आणि शेगडी पेटवायच्या आधीच दूध उतू गेलं. धुरपदाबाईने आतूनच शुभवार्ता जाहीर केली.

नवल फोनकडे आणि घराकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याच्या आयुष्यात एवढ्या लवकर त्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तो थोडा उदास झाल्यासारखा वाटला.

आता वाट मोकळी होती. मंजुळाबाईंनी उजवं पाऊल आत टाकलं आणि टाकता टाकता मान खाली घातली, खांदे आखडले, कपाळ वाचवलं. इतक्या वर्षांची ती सवय. डोक्यावर वीतभर जागा तशीच रिकामी राहिली. त्या थांबल्या. हात वर करून त्यांनी चौकट चाचपली आणि मग मान सरळ करून आत गेल्या. आबा बाहेर मगनच्या हातोडीकडे फार बारकाईने बघत होते.

आतून आवाज आला. “हाऊ कोन हात जोडी ऱ्हायना वरथून?”

छताचे सगळे फ्लेक्स मगनने उलटे लावले होते, एक सोडून.

“तो भाडेकरू नही शे,” आबा म्हणाले. “ऱ्हाऊ दे.”

त्या बाहेर आल्या. पिशवी खांद्यालाच. वरणबट्टीची पंगत उठली, वांग्याच्या भाजीची तारीफ झाली, नवल गाडीतल्या गारव्यात घटकाभर निजून मग जळगावला गेला. मंजुळाबाई घरासमोर उभ्याच होत्या, लग्नघरी आलेल्या लांबच्या नातेवाइकासारख्या.

“डबा बरा करेल शे तुम्ही,” त्या म्हणाल्या. “गाडी कव्हय शे?”

आबा भिंतीशी गेले, ‘सुरक्षित अंतर ठेवा’च्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या सोडल्या आणि अक्षरं हळूच खाली उतरली. घराला ओटा झाला.

दुपार कलली होती. पूर्वेच्या बाजूला घराचीच सावली पडली होती. कुणी काही म्हणायच्या आत धुरपदाबाई गुडघ्यावर हात देऊन वर चढली आणि बसली. मग आणखी दोघी. मध्ये एक जागा उरली. धुरपदाबाईने ती तळहाताने झाडली आणि आपल्या सुनेबद्दल असं एक वाक्य अर्ध्यावर सोडलं की पुढचं ऐकल्याशिवाय कुठल्याही बाईला गाडी पकडता येणार नाही.

मंजुळाबाई बसल्या. पाय खाली लोंबकळत ठेवून, मग मांडी घालून. पिशवी कधी तरी पाठीमागे दारात सरकली. त्यांना उठा म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, आणि कुणी म्हटलंच असतं तर त्याला धुरपदाबाईने ओट्याखालची अक्षरं वाचायला लावली असती.

सांजची एसटी आली. ड्रायव्हरने ओळखीने वेग कमी केला, हॉर्न दिला. गोष्ट ऐन भरात होती. मंजुळाबाईंनी मान न वळवता, माशी वारावी तसा हात केला. गाडी गेली. आबा लिंबाखाली बसून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. आयुष्यात पुष्कळ गाड्या त्यांना ओलांडून गेल्या होत्या, पण एवढी देखणी एकही नव्हती.

सकाळी आबा उठले तेव्हा त्यांची छाती ट्रॉलीच्या चाकाएवढी फुगलेली होती. मंजुळाबाई धुरपदाबाईचं उसनं लुगडं नेसून ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. आबा चहाचा कप घेऊन पुढे येऊन उभे राहिले. किल्ल्याकडे पाहिलं, लिंबाकडे पाहिलं, मग पूर्वेला तोंड करून राजासारख्या उभ्या असलेल्या आपल्या वास्तूकडे पाहिलं. मोठं काही तरी बोलावं असा क्षण होता. त्यांनी घसा खाकरला. उभं राहायला दगड मात्र त्यांनी शोधला नाही.

मंजुळाबाईंनी ताट मांडीवरून बाजूला केलं आणि डोळ्यांवर हात धरला. आखाजीनंतरचं ऊन उगवतीपासूनच तापलेलं असतं, आणि ते थेट त्यांच्या तोंडावर येत होतं.

“आयकी ऱ्हायनात का?” त्या म्हणाल्या. “घर जरासं लिंबखाले ल्या ना. ओटावर ऊन ई ऱ्हायनं. तोंड कोठे बी ऱ्हाऊ द्या.”