फादरबाबांची बाज

मी बोलतेय खरी, पण आधी एक विनंती. मला खाट म्हणू नका, आणि पलंग तर मुळीच म्हणू नका. मी बाज आहे. बाभळीचे पाय, बाभळीचे दांडे आणि वर विणलेला अंबाडीचा दोर, एवढाच माझा संसार. पण नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीत जाऊन माझं नाव तर काढा! बायका हातातलं काम टाकून सांगायला लागतील.

साठ-एकसष्ट साली मला कवडू सुताराने घडवलं. वस्तीतल्या छोट्या चर्चमध्ये तेव्हा वसईहून नवे फादर आले होते, फादर बस्त्याव रुमाव. ते चटईवर झोपतात हे कवडूच्या कानावर गेलं, तसा तो मला डोक्यावर घेऊन थेट त्यांच्या खोलीत शिरला.

"फादरबाबा, खाली काहून झोपून राहिले गा तुमी? इच्चू चावला म्हंजे?"

फादर हसले आणि तिथल्या तिथे माझ्यावर आडवे झाले. ताडमाड माणूस. पावलं माझ्याबाहेर लोंबत राहिली. पण झोप लागली ती अशी, की मला स्वतःचाच हेवा वाटला.

ते सुख काही फार दिवस टिकलं नाही. एका भर दुपारी वस्तीतल्या तुळसाबाईला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या. गल्ली इतकी अरुंद की रिक्षा आत येईना. फादरांनी माझ्यावरची गादी कोपऱ्यात भिरकावली, तिला माझ्यावर निजवलं आणि एक पाय स्वतःच्या खांद्यावर घेतला. बाकीचे तीन वस्तीतल्या गड्यांनी उचलले. आम्ही मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात वेळेवर पोचलो. तुळसाबाई सुखरूप सुटली.

तेव्हापासून मी साऱ्या वस्तीची झाले. ताप आला, पाय मोडला, म्हातारं अंथरुणाला खिळलं, की "फादरबाबाची बाज आणा" एवढीच हाक. हिंदूंच्या घरी गेले, बौद्धांच्या घरी राहिले, ख्रिस्ती खांद्यांवरून परत आले. खांदे कुणाचे याच्याशी मला काही घेणंदेणं नव्हतं. उचलणारे उंचीला सारखे नसले की मी कलायची आणि आजाऱ्याच्या शिव्या खायची, तेवढीच माझी तक्रार. ज्याच्या घरी जाईन तिथले ढेकूण मात्र इमानाने घेऊन यायची. मग फादर मला उन्हात उभी करून उकळतं पाणी ओतायचे आणि वर माझीच समजूत घालायचे.

चौऱ्याहत्तर साली फादर स्वतः तापाने पडले. मी तेव्हा वस्तीतल्या शालिकरामकडे होते, त्याच्या लकवा झालेल्या बापाखाली. शालिकराम धावत फादरांकडे गेला. म्हणाला, बाज घेऊन येतो. फादर वसईची बोली विसरले होते म्हणा ना, अगदी वस्तीच्या भाषेत म्हणाले, "म्हाताऱ्याले उठवू नको गा. मी हाओ इथं बरा." आणि चटईवरच गेले. शेवटच्या घटकेला मी त्यांच्या पाठीखाली नव्हते. त्याचं मला फार वाईट वाटतं, आणि त्याचाच सगळ्यात जास्त अभिमानही वाटतो.

पुढे शालिकरामचा बापही वारला आणि मला फादरांच्या खोलीत आणून ठेवलं. माणसं मोठी गमतीची. फादरांच्या हयातीत ज्यावर बिनधास्त लोळली, त्यालाच आता हात लावायला भिऊ लागली. तुळसाबाईने माझ्याजवळ दिवा लावायला सुरुवात केली. कांताबाई बौद्ध घरातली. ती बुद्धाच्या तसबिरीपुढे लावते तशी मेणबत्ती माझ्यापुढे लावू लागली. कुणी पायाशी नारळ फोडला, कुणी नवसाचा दोरा बांधला. माझ्यावर कुणी बसेना. खोटं कशाला बोलू, मी चांगलीच फुगले होते.

शहाऐंशी साली बातमी आली, की फादर बस्त्यावांना संतपद मिळावं म्हणून बिशपसाहेब चौकशी सुरू करणार. वस्तीत पेढे वाटले गेले. चौकशीचे फादर खोली बघायला येणार म्हणून बायका गांधीबागेच्या बाजारातून जरीकाठाचं कापड घेऊन आल्या. मला झेंडूने इतकं मढवलं, की माझा दोरसुद्धा दिसेना.

चौकशीचे फादर दारातच थबकले. भला माणूस होता, रागावला नाही. खाली बसून समजावत म्हणाला, "आई, चर्चने संत ठरवण्याआधी कुणाची अशी पूजा करायची नसते, असा नियम आहे. इथे पूजा होते असं दिसलं तर हे काम अडून बसेल."

तुळसाबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे माह्या दिव्यानं फादरबाबाचं संतपण अडन?"

"अडू शकतं. मी काही महिन्यांनी पुन्हा येईन."

ते गेल्यावर तुळसाबाईने दिवा शांत केला आणि मटकन भिंतीला टेकली. डोळ्यांना धार. चर्चचे नवे फादर म्हणाले, खोलीला कुलूप लावतो.

"कुलूप लावान तं लोक कुलपालेच हार घालतीन," कांताबाई म्हणाली. "काहून रडून राहिली वं तुळसा? फादरबाबानं हे बाज कवा रिकामी ठेवली? बस तिच्यावर."

"मी? पाप लागन मले!"

"मंग दुसरं कोन बसन?"

तुळसाबाईने एकेक माळ काढली. कापड काढलं, नवसाचे दोरे सोडले. सवयीने हात जोडायला गेली, ते मधेच आवरले. डोळे मिटले आणि बसली. मी करकरले. कित्येक वर्षांनी अंगावर माणसाचं वजन आलं होतं! झेंडू गेला म्हणून माझा जळफळाट चालला होता, तो त्या क्षणी कुठल्या कुठे पळाला.

दुसऱ्या दिवशी मी खोलीबाहेर पडले ती पडलेच. चौकशीचे फादर पुन्हा आले तेव्हा खोली रिकामी. विचारत विचारत ते कांताबाईच्या घरी पोचले आणि माझ्याखालून धूर येताना बघून पुन्हा दारातच थबकले.

"आता हा धूर कसला?"

"माह्या सुनेची धुरी हाये, फादर. बाळंतीन हाये ते. शेगडीत ओवा टाकला."

फादर इतके हसले, की बाळ दचकून उठलं. उठलं आणि त्याने गोधडीसकट मला चिंब भिजवलं. फादरांनी ते बघितलं, मान डोलावली आणि समाधानाने निघून गेले.

रोमचा निर्णय अजून आलेला नाही. तिथली कामं सावकाश चालतात म्हणे. आता माझा एक पाय डुगडुगतो, दोर मध्ये खोल गेलाय. फादरबाबा संत झाल्याचं कळलं तर मलाही सांगायला या. फक्त त्या खोलीत शोधू नका, आणि हार आणू नका. वस्तीत कोण आजारी आहे, तेवढं विचारा.