वरचा एक

"या जगात अखंड अशा दोनच गोष्टी आहेत," मालोजी गुरुजींनी देवळात जाहीर केलं. "एक सह्याद्री आणि दुसरी एक कोटी एक ही संख्या."

त्यातला सह्याद्री त्याच सकाळी पोलादपूरच्या घाटात रस्त्यावर उतरला होता आणि जेसीबी त्याला बाजूला सारत होता. राहिली संख्या.

कुडपणच्या या भावकीची घरं अकरा. शिमग्याला पालखी पहिली टेकायची ती गुरुजींच्या अंगणात, हा मान आजोबांपासूनचा. यंदा मुंबईकर पोरं म्हणायला लागली, पालखी फिरती ठेवा. गुरुजींनी त्यावर तोड काढली. श्रावणात एक कोटी एक नामजप. आहेरावर आपण एक चढवतो तो कशाला? भाग जाऊ नये म्हणून. तेव्हा जप अकरा घरांत वाटायचा आणि वाटून उरेल तो मानकऱ्याने करायचा. काही उरतंय तोवर मानकरीही उरतो. एकशे एकला भाग जात नाही हे त्यांनी नोकरीत असताना स्वतः पडताळलं होतं. पुढच्या शून्यांना वेगळं काय विचारायचं? शून्यांविषयी त्यांचं मत एकूणच वाईट होतं, आणि समोर बसलेली भावकी पाहून ते आणखी पक्कं होई.

"सुशांत, भाग दे. तेवढं तरी मुंबईने शिकवलं असेल."

पुतण्याने मोबाइल काढला. "घरटी नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव. बाकी शून्य, काका."

"मोबाइल मालकावर गेलाय."

गुरुजींनी कोळसा मागवून फरशीवरच गणित मांडलं. आधी नुसत्या कोटीला भागलं. दहा उरले.

"बघा. दहा उरतात. आता यात आपला वरचा एक..."

कोळसा थांबला.

"दहा राहत होते चांगले," सुशांत म्हणाला. "तुमच्या एकाने अकरा झाले नि घरटी वाटून गेले."

गुरुजींच्या हाताखाली चौथीत दोनदा बसलेला दत्ताराम खांबाला टेकून म्हणाला, "बाकी शून्य म्हंजे काय, ते आज कळलं वो गुरुजी."

"एक कोटी दोन करू," गुरुजी घाईने म्हणाले. "एक उरेल."

"आता कसं करताव?" शेजारघरची येसूबाई म्हणाली. "सकाळी देवाम्होरं पाणी सोडून आकडा बोललाव ना? तो बदलत नाय."

पाणी गुरुजींनी स्वतःच सोडलं होतं, चांगलं तांब्याभर.

मग वेगळा ठराव न मांडताच ठरलं. पालखी दर शिमग्याला नव्या अंगणात पहिली टेकणार. माणसं चपला शोधायला लागली. गुरुजी मात्र हलले नाहीत. या अडाण्यांना जन्मभर लक्षात राहील असं एक वाक्य त्यांच्या मनात जुळत आलं होतं. त्यांनी घसा खाकरला.

"भावोजी," येसूबाई म्हणाली, "जरा उठताव? सतरंजी आमची हाय."