कानातलं तीस वर्षांचं विष

मंदिराच्या अंगणात सकाळपासून झुंबड उडाली होती. तैवानच्या दक्षिणेकडचं मेइनोंग गाव, पण आज भोवतालच्या चार वस्त्याही लोटल्या होत्या. बाकावर कुशीवर झोपलेल्या म्हाताऱ्याच्या कानात मेणात भिजवलेल्या कापडाची पोकळ मेणबत्ती जळत होती आणि पेंग मास्तर डोळे मिटून तिच्याभोवती हात फिरवत होते. मग त्यांनी ती विझवली आणि बुडखा कात्रीनं उभा चिरला. आत पिवळी पूड, तपकिरी चिकट गोळा.

"बघा, तीस वर्षांचं विष! डॉक्टर कापतात, मी ओढतो!"

"अगं बाई!" गर्दी हबकली.

लिआओ शिउ-चिन गर्दीत उभी होती. इस्पितळाच्या कान-नाक-घशाच्या प्रयोगशाळेत गाठींचे पातळ काप काचेवर चढवणं हे तिचं रोजचं काम. दोन वर्षांपूर्वी डावा कान बंद वाटतो म्हणून तिचा नवरा याच बाकावर झोपला होता. "मेणानं काय बिघडतंय," म्हणून ती हसली होती. पाच महिन्यांनी मानेत गाठ आली. नाकाच्या मागे कर्करोग होता, कवटीपर्यंत पोचलेला. तो गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. आजही राग नव्हता. पुढचा नंबर नणंदेचा होता, म्हणून ती आली होती.

"वहिनी, तू इथं कशी?" चुन-यिंग दचकली. "दोन महिने कानाला दडा बसल्यासारखं झालंय गं."

"एकच?"

"उजवा."

शिउ-चिननं मास्तरांच्या टोपलीतली नवी मेणबत्ती उचलली, रिकाम्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून त्याच्या भोकात ती खोचली आणि पेटवली.

"अहो ताई, खेळणं आहे का ते?" मास्तर ओरडले.

 ज्योत खाली आल्यावर तिनं बुडखा चिरला. तीच पिवळी पूड, तोच गोळा.

"मेण आणि जळलेलं कापड," ती म्हणाली. "कानाचा यात काही संबंध नाही."

"अंगणातली हवाच दूषित आहे!" मास्तर म्हणाले.

"मग पेल्याला ऐकू येतंय का विचारा की!" मागून एक म्हातारी खेकसली. लोक हसले. बाकावरचा म्हातारा हळूच उठून बसला.

दुसऱ्या दिवशी शिउ-चिनच्या इस्पितळात डॉक्टरांनी चुन-यिंगच्या नाकातून बारीक दुर्बीण आत घातली. कान आणि नाकाची मागची बाजू यांना जोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी वाटाण्याएवढी गाठ होती. नळी तुंबली, म्हणून कान बंद. गाठीचा तुकडा तपासायला गेला; आठवड्यानं अहवाल आला, तो कर्करोगाचाच.

"लहान आहे. अजून पसरलेला नाही," डॉक्टर म्हणाले. "किरणोपचारानं बरं होण्याची आशा खूप आहे."

बाहेरच्या बाकावर चुन-यिंग रडली. मग तिनं विचारलं, "दादा तेव्हाच इथं आला असता तर?"

"बहुतेक वाचला असता."

शिउ-चिननं रडू येण्याची वाट पाहिली. आलं नाही. ती उठली आणि किरणोपचाराची तारीख विचारायला खिडकीपाशी गेली.

मेणबत्तीनं काही बिघडत नाही, असं हसत म्हणणारी शहाणी माणसं आपल्यातही आहेत. मेणबत्ती भाजत नसेलही; पण ती महिने खाते. एकच कान विनाकारण आठवडेच्या आठवडे बंद राहिला, मानेत गाठ लागली, नाकातून रक्त आलं, तर डॉक्टरकडे जा. आणि घरातलं कुणी मास्तराकडे निघालं, तर हसू नका. त्याचा हात धरा.